चार नंबरची नोंद

प्रिय सावकाश,

आधी कामाचं. नळाचं पाणी पिऊ नकोस. आजपासून, ही ओळ वाचल्यापासून. उकळून पितो, असं म्हणशील. तर उकळल्यावर पाणी आटतं आणि आतलं विष होतं तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाईटच. ओट्यावरच्या तुझ्या त्या फिल्टरलाही यातलं काही कळत नाही, तो गाळ आणि वास काढतो, बाकी शोभेचा. आंघोळीला, भांड्यांना चालेल. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी शाळेमागच्या टाकीवरून आण. ती नदीच्या पाण्यावर चालते, मी स्वतः तपासली आहे. गुडघ्यांचं निमित्त करून आळस करशील, ओळखून आहे मी तुला, सावकाश हे नाव उगाच नाही ठेवलं. मुलीला सांग, तिच्या ट्रकमध्ये चार कॅन सहज बसतील. आता खुर्ची ओढून बस, चष्मा लाव आणि पुढचं वाच. अंदाजाने वाचू नकोस.

शनिवार दुपार आहे. प्रयोगशाळेत मी एकटीच. ते मोठं यंत्र मागे घरघरतंय आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर, बाटल्या बाजूला सारून, हाताने लिहिते आहे. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, असं तू म्हणायचास. आज जमेल तेवढं मोठं काढते. सोमवारी अकरा वाजता चौकशी समितीपुढे हजर राहा, असा कागद तुला आला असेल. आपल्या चार नंबरच्या बोअरची जबाबदारी कोणाची, हे ते त्या दिवशी ठरवणार. तुझ्यावर आली तर तुझा खोदकामाचा परवाना जाईल, आणि त्याच परवान्यावर तुझ्या मुलीची बोअरची गाडी चालते. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, मावशी, बाबा अगदी निवांत आहेत, म्हणतात की समितीत मास्तरीण आहे, मग घाबरायचं कशाला. तू मला ठेवलेलं ते नाव ऐकलं आणि मी पुढचं ऐकलं नाही, फोन ठेवून दिला. लाइन तुटली असं वाटलं असेल बिचारीला.

तर ऐक. ज्या खालच्या पाण्यावर तुमची वसाहत जगते, ते नासलंय. क्रोमियम, तेच ते पिवळं, प्लेटिंगच्या कारखान्यांचं. आपण तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा वरचं पाणी कसं होतं, आठवतं? काचेच्या नळीत धरलं की फिकट चहासारखं दिसायचं. कारखानेवाले मागच्या खड्ड्यात सोडून मोकळे व्हायचे आणि ते वाळूतून सरळ तीस मीटर खाली उतरायचं. त्याखाली तुला ती चिकणमाती लागली. तू रिग थांबवलीस, ड्रिलच्या टोकाला चिकटलेला गोळा काढून बोटांत मळलास आणि माझ्या तळहातावर ठेवलास. बारा मीटर जाडीचा थर! वरचं घाण पाणी त्यातून शंभर वर्षांतही खाली गेलं नसतं. आणि त्याच्याखाली जे पाणी निघालं ते इतकं स्वच्छ की मला वाटलं माझं यंत्रच बिघडलं. वय काढायला बाहेर पाठवलं तर उत्तर आलं, नऊ हजार वर्षं. मी नाचायचीच बाकी होते. तू म्हणालास, इतकं शिळं पाणी पाहुण्यांना देऊ नका, बाई. चारचौघांत बाई आणि तुम्ही, आणि गाडीच्या आडोशाला चहा पिताना अगं-तुगं, हा तुझा शिष्टाचार कोणाला फसवत होता कोण जाणे. सगळ्या मजुरांना ठाऊक होतं.

तू एकदा विचारलंही होतंस मला, रिगच्या पायरीवर बसून, हातमोजे काढून. मी म्हटलं, हा मोसम संपू दे, मग बघू. मला सगळंच मग बघायचं असायचं, फक्त काम आत्ता. आणि मोसम संपता संपता आपण चार नंबर खोदलं.

त्या तीन दिवसांबद्दल आपण बावीस वर्षांत एक चकार शब्द काढलेला नाही. मी काढते. पहिली तीन बोअर आपण नियमाप्रमाणे केली होती. आत पाइप सोडायचा, आणि पाइप आणि मातीच्या मधली जी पोकळी राहते ती थराच्या उंचीला बेंटोनाइटच्या गोळ्यांनी भरायची. त्या सुक्या चिकणमातीच्या गोळ्या पाण्यात फुगतात आणि पाडलेलं भोक परत बुजतं. चार नंबरच्या वेळी गोळ्यांची गाडी आलीच नाही. मोठे साहेब दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन येणार होते, पाहुण्यांसमोर खालच्या पाण्याचा नमुना काढायचा होता, आणि संध्याकाळी रिग दुसऱ्या कामावर जायची होती. तू म्हणालास, दोन दिवस थांबू. मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, पाहुण्यांना पहिल्या तीनपैकी कुठलंही दाखवा, पाणी एकच आहे. खरंच होतं ते! पण मला चारच हवं होतं, कारण ते कारखान्यांच्या अगदी कुंपणाला लागून होतं, आणि तिथे, त्या घाणीच्या ऐन खाली, निर्मळ पाणी दाखवलं की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती. माझं नाव होणार होतं. हे वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली बघ.

तू मग नेहमीसारखा हट्टाला पेटलास. आपण भोक पाडलंय, बुजवायचंही आपणच, त्याशिवाय मी रिगचे जॅक उचलून इथून हलणार नाही, असं सगळ्यांसमोर म्हणालास. मला राग आला. एक बोअरवाला मला भूगर्भ शिकवतोय, हे माझ्या तोंडून गेलं. गेलं काय, मी ते पुरतं चघळून बोलले. मजूर खाली बघायला लागले. तू फावडं खाली ठेवलंस, हात धुतलेस आणि मोटारसायकल काढून गेलास. बाजूला खोदकामातून निघालेली वाळूमातीची रास होती, तीच मजुरांकडून मी पोकळीत लोटवून घेतली. वरच्या दीड मीटरला सिमेंट केलं, कडेने गुळगुळीत केलं, रंग दिला. फार देखणं झालं होतं. गोळ्या आल्या की नंतर नीट करू, असं मी मनाशी म्हटलं, आणि गोळ्या आल्या तेव्हा रिग ऐंशी किलोमीटरवर होती.

आता नोंदीचं सांगते, कारण सोमवारी तुझ्यासमोर ते पान ठेवतील आणि तू गोंधळशील. तुझी ती सवय, आठवते का? दिवसभर हात चिखलात, कागदाला बोट लागलं की डाग, आणि कार्यालय डागाळलेली पानं परत पाठवायचं. म्हणून तू आठवड्याच्या पहिल्या सकाळी, हात स्वच्छ असताना, सहा-सात कोऱ्या पानांच्या तळाशी सह्या करून माझ्या हवाली करायचास. खोदणाऱ्याची सही, त्या चौकटीत. मग रोजचा मजकूर मी भरायचे. सगळ्या साइटवर असंच चालायचं, आपल्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. तू गेलास तेव्हा माझ्याकडे तुझ्या सहीची दोन कोरी पानं उरली होती. त्यातल्या एकावर मी लिहिलं, चार नंबर, एकतीस ते त्रेचाळीस मीटर, बेंटोनाइटने पूर्ण भरले. तारीख घातली. तुझी सही खाली आधीच होती, छान, सावकाश काढलेली, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. त्या क्षणी तू त्या जागेपासून दहा-बारा किलोमीटर दूर होतास.

त्यानंतर तू कामावर आला नाहीस, आणि मी बोलवायला आले नाही. माझा अहवाल गाजला. त्याच अहवालावर पाणीपुरवठ्याने पाच विहिरी खोदल्या, वसाहत उभी राहिली. तुझं लग्न झाल्याचं मला दुसऱ्यांकडून कळलं. मग एक दिवस वहिनी प्रयोगशाळेत आल्या, हातात जॅमची धुतलेली बाटली, तिच्यात पाणी. म्हणाल्या, वसाहतीत घर घेतोय, हे म्हणतात मास्तरीणबाईंना विचारल्याशिवाय सही करायची नाही. पहिल्या भेटीतच त्या मला आवडल्या, आणि मला तेही सहन झालं नाही, काय सांगू! मी पाणी तपासलं. तेव्हा ते खरोखर स्वच्छ होतं, ती चाचणी खोटी नव्हती. मी म्हटलं, डोळे मिटून प्या वहिनी, या भागात याहून चांगलं पाणी नाही. त्यांच्यामुळेच आपलं बोलणं परत सुरू झालं. मुलीला मला मावशी म्हणायला त्यांनीच शिकवलं.

खरं तर तेव्हाच वरचं पाणी खाली उतरायला लागलं असणार. पाच विहिरींचे पंप रात्रंदिवस खालचं पाणी ओढत होते, मग वरचं पाणी वाट शोधणारच, आणि बारा मीटरच्या त्या थरात वाट एकच होती. मी पाइपाभोवती वाळू भरून दिलेली. गाळणीसारखी वाळू. थेंब थेंब, पण एकोणीस-वीस वर्षं, एकही सुट्टी न घेता.

यापुढचं मला तुझ्या समोर बसून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही जमत. वहिनी गेल्यावर आठवड्याने मी तुझ्याकडे आले होते. घरात माणसं होती, ती हळूहळू निघून गेली. तू म्हणालास, बस, चहा टाकतो, आणि स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत राहिलास, कारण तो कुठे असतो हे तुला माहीतच नव्हतं. तू वरच्या फळीवर हात घालून शोधत होतास आणि मी तुझ्या पाठीमागे नळ उघडून पिशवीतल्या बाटलीत पाणी भरलं. शप्पथ, सवयीने. जिथे जाते तिथे भरते. हॉटेलात भरते, दवाखान्यात भरते. वहिनींना पोटाचा आजार होता, डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि तरी मला त्या वेळी काही सुचलेलं नव्हतं, यावर तू विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. चहा तू खारट केलास. मी तो प्यायले.

चार दिवसांनी आकडा आला. मर्यादेच्या दुप्पट. मी म्हटलं, बाटली नीट धुतली नसणार. आमच्या धंद्यात ही मोठी सोय आहे. नको तो आकडा आला की बाटली घाण. दुसरी बाटली भरून आणायला मी आले नाही. मुलीचे फोन घेत राहिले, तब्येत कशी आहे विचारत राहिले, आणि तो आकडा खणात. दीड वर्ष, सावकाश. दीड वर्ष तू ते पाणी प्यायलास आणि मला ठाऊक होतं. वहिनींचा आजार त्या पाण्यानेच झाला का, हे मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही, एका माणसावरून ते सिद्ध होत नाही. पण नाही झाला, असंही मी म्हणू शकत नाही, आणि तुझ्यापेक्षा जास्त वेळा मी तो हिशेब मांडून पाहिला आहे.

या वर्षी पाणीपुरवठ्याच्या स्वतःच्या तपासणीतच आकडा चढला, तेव्हा मला हलावं लागलं. चार नंबरपासून तीन मीटरवर एक उथळ बोअर आहे ना, त्यात मी ब्रोमाइडचं मीठ ओतलं. ते निरुपद्रवी असतं, आणि तिथल्या जमिनीत आपसूक सापडत नाही. मग रोज सकाळी जाऊन चार नंबरच्या तळाचं पाणी काढायचे. अठरा दिवस काही नाही. अठराव्या दिवशी मी गाडीत बसून हसले, चक्क मोठ्याने, वेडीसारखी. एकोणिसाव्या दिवशी ब्रोमाइड खाली आलं.

ते बोअर आता आम्ही तळापासून सिमेंटने भरलं आहे. त्याने नवीन घाण थांबेल. उतरलेली परत येणार नाही. पंप लावून काढू, लोखंडाचा भुगा सोडू, जिवाणू सोडू, असे पुष्कळ उपाय मी लोकांना भाषणात सांगत आले आहे. गेल्या महिन्यात मी स्वतः गणित केलं. आजपासून रोज उपसलं तरी तुझ्या नातवंडांची नातवंडं म्हातारी होतील. नऊ हजार वर्षं कोणी हात लावला नव्हता रे त्याला. आपण दोघांनी ते शोधलं आणि मी ते घालवलं, आणि पृथ्वीवर असं कोणी नाही ज्याच्याकडे जाऊन म्हणू की चुकलं, दुरुस्त करून दे. सकाळी उठते, दात घासायला नळ उघडते आणि तशीच उभी राहते. कशातच राम वाटत नाही. तुमच्या पाचपैकी सगळ्यात नासलेली विहीर बंद केली, चार अजून चालू आहेत. सगळ्यांचं पाणी मिसळलं की सरासरी जेमतेम मर्यादेत बसते, आणि समितीचा अहवाल पूर्ण होईपर्यंत लोकांना घाबरवायचं नाही, असं ठरलंय. ते ठरवणाऱ्यांत मीही होते. मान हलवली मी.

आता हे पत्र का लिहिलं ते. ब्रोमाइडच्या तपासणीनंतर समितीला दिलेल्या कागदात, त्या बेंटोनाइटच्या भरणीला सील म्हणून, मी लिहिलं होतं, सील निकामी झाल्याचे आढळले. जे कधी घातलंच नव्हतं ते निकामी झालं! त्या एका वाक्यावरून समितीने ते पान काढलं आणि तुझी सही काढली. गुरुवारी अध्यक्षांनी मला सरळ विचारलं की खोदणाऱ्याने ही भरणी तुमच्यासमोर केली होती का. मी म्हटलं, नोंदीत तसं आहे. एवढंच. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं, भरणी निकृष्ट, जबाबदार खोदणारा. काल सकाळी खरं सांगायला म्हणून मी त्यांच्या खोलीपर्यंत गेले आणि दारावरची पाटी वाचून परत आले. दुपारी पुन्हा गेले. आज अध्यक्ष घरी असतात, म्हणून घरचा नंबर फिरवला आणि त्यांचा आवाज ऐकून ठेवून दिला. सोमवारी तुझ्या तोंडावर मी खरं बोलेन, असा मला माझा भरवसा उरलेला नाही. म्हणून हे पत्र. माझ्या अक्षरातलं आहे, सही माझी आहे, समितीपुढे ठेव. आणि तू ठेवणार नाहीस, हेही मी जाणून आहे. घडी घालून खिशात टाकशील, सोमवारी अकराला जाशील आणि सही माझीच आहे एवढं म्हणून घरी येशील. म्हणून यातली ओळ न् ओळ उतरवून, पुरं नाव, हुद्दा आणि तारीख घालून, मी एक प्रत तुझ्या मुलीच्या नावाने तिच्या कामाच्या जागी आत्ताच माणसाबरोबर पाठवली आहे. बाटलीचं आणि दीड वर्षाचं जे आहे, तिच्या आईबद्दलचं जे आहे, तेही त्यात सगळं तसंच आहे. हे तुझ्या हाती पडेपर्यंत तिचं वाचून झालं असेल.

तुझीच,
मास्तरीण